परतीचे दोर

गेल्या हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात चित्रीकरणासाठी एक ड्रोन आणवला होता. चालवणारा मुलगा विशीतला, बोलका, हातात कसब असलेला. पारितोषिक वितरण चालू असताना यंत्र मैदानापलीकडे गेले आणि त्याच्या हातातल्या पडद्यावरचे चित्र गोठले. आम्ही दोघे-तिघे प्राध्यापक उगाचच वर पाहू लागलो. मुलगा मात्र निश्चिंत होता. "सर, काळजी करू नका. संपर्क तुटला की ते आपणहून घरी येतं," तो म्हणाला. आणि ते खरोखरच निघाले, अगदी सरळ रेषेत. त्या रेषेवर विज्ञान शाखेच्या इमारतीची गच्ची होती, गच्चीवर पाण्याची टाकी होती, आणि परतीची उंची कुणी तरी आधी कधी तरी टाकीपेक्षा कमी ठेवून दिली होती. यंत्राला घर ठाऊक होते, वाट ठाऊक नव्हती.

नुकसान फारसे झाले नाही. पण त्या मुलाचे 'आपणहून घरी येतं' हे वाक्य माझ्या मनात राहिले. मराठी माणसाला 'परतीचे दोर' म्हटले की कोंढाणा आठवतो. दोर कापले, आता मागे फिरणे नाही, म्हणून लढा. ज्याचे दोर तुटले त्याने काय करावे, याचे उत्तर तिथे सूर्याजीने दिले. रेडिओवर चालणाऱ्या छोट्या विमानांच्या इतिहासात हाच प्रश्न सत्तर-ऐंशी वर्षे पुन्हा पुन्हा विचारला गेला आहे, आणि प्रत्येक पिढीने त्याचे वेगळे उत्तर दिले आहे. आपण या इतिहासाकडे खेळण्यांचा इतिहास म्हणून पाहतो, म्हणून ती उत्तरे आपल्या नजरेतून सुटतात.

पहिले उत्तर रेडिओच्याही आधीचे आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेत आणि युरोपात बाल्सा लाकडाची, कागद ताणून बसवलेली विमाने मुक्तपणे सोडली जात. आधी रबराच्या पिळावर आणि पुढे चिमुकल्या पेट्रोल इंजिनावर ती उडत. एकदा हातातून सुटली की त्यांच्यावर कुणाचाही ताबा नसे. आश्चर्य म्हणजे या विमानांना खरी भीती पडण्याची नव्हती, न पडण्याची होती. तापलेल्या जमिनीवरून उष्ण हवेचे स्तंभ वर चढतात. दुपारी घारी पंख न हलवता घिरट्या घालत वर वर जातात त्या याच हवेच्या आधाराने. हलके विमान अशा स्तंभात सापडले की वर चढत चढत ठिपका होई आणि मग दिसेनासे होई. म्हणून पंखावर नाव आणि पत्ता लिहिण्याची रीत होती. कुणा शेतकऱ्याला ते सापडले तर पोस्टाने परत येई, एवढाच परतीचा दोर.

यावर काढलेला उपाय मला या संपूर्ण इतिहासातला सर्वांत सुंदर वाटतो. उडवण्यापूर्वी शेपटीजवळच्या सुती वातीचे टोक पेटवायचे. वात धुमसत धुमसत ठरावीक वेळाने एका रबरापर्यंत पोचते, रबर जळून तुटते, आणि ताणून धरलेली आडवी शेपटी मागच्या कडेने झटकन वर उचलली जाते. विमानाची उड्डाणक्षमताच नाहीशी होते. ते सूर मारत नाही की कोसळत नाही. पान गळावे तसे आडवेच खाली येते. शेपटी उचलणाऱ्या या युक्तीचे श्रेय सामान्यतः कार्ल गोल्डबर्ग या अमेरिकन रचनाकाराला दिले जाते. विमानाने चांगले उडू नये म्हणून यंत्रणा बसवायची, आणि तीही उदबत्तीच्या जातीची! पुढे वातीच्या जागी घड्याळी यंत्र आले. ते अधिक बिनचूक होते, आणि त्याने गवत पेटण्याची धास्तीही नव्हती. पण उत्तर तेच राहिले : कुठेही उतर, पण उतर.

लष्कराने हाच प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला. तोफचींच्या सरावासाठी ब्रिटनने १९३५ मध्ये 'क्वीन बी' हे रेडिओवर चालणारे विमान आणले. राणीमाशीच्या या नावावरूनच पुढे 'ड्रोन', म्हणजे नर मधमाशी, हा शब्द रूढ झाला असे सांगतात. अमेरिकेत रेजिनाल्ड डेनी या ब्रिटिश नटाने हॉलिवूडमध्ये मॉडेल विमानांचे दुकान थाटले होते. त्याच छंदातून 'रेडिओप्लेन' कंपनी उभी राहिली आणि दुसऱ्या महायुद्धात तिने सुमारे पंधरा हजार लक्ष्यविमाने बनवली. त्यांच्यात हवाई छत्री असे. सराव संपला किंवा रेडिओचा धागा तुटला की छत्री उघडे आणि विमान झुलत खाली येई. कंपनीच्या कारखान्यात या छत्र्या तपासण्याचे काम काही काळ नॉर्मा जीन डॉअर्टी नावाची एक तरुणी करत असे. १९४५ मध्ये एका लष्करी छायाचित्रकाराने तिथेच तिची छायाचित्रे काढली आणि जगाला मेरिलिन मन्रो मिळाली. ही गोष्ट नेहमी सिनेमाच्या बाजूने सांगितली जाते, विमानाच्या बाजूने क्वचितच.

हौशी उडवणाऱ्यांच्या हाती रेडिओ आला तो वॉल्टर आणि विल्यम गुड या मिशिगनमधल्या कलामाझूच्या जुळ्या भावांमुळे. त्यांचे 'गफ' हे विमान १९३७ मध्ये रेडिओच्या आज्ञेवर उडाले. आज ते स्मिथसोनियन संग्रहालयाच्या ताब्यात आहे. त्या काळचा रेडिओ म्हणजे एकच आज्ञा. बटण दाबले की पिळलेल्या रबराने एक चाक पाव फेरा फिरे आणि सुकाणू एका बाजूला वळे. पुन्हा दाबले की दुसऱ्या बाजूला. कोणती पाळी आहे हे उडवणाऱ्याने लक्षात ठेवायचे. संपर्क तुटणे ही त्या वेळी आपत्ती नव्हती, रोजची रीत होती. त्यामुळे विमानाची घडणच अशी ठेवत की त्याला सोडून दिले तरी ते स्वतःचा तोल सांभाळेल. पंख वरच्या बाजूला कलते, इंजिन मोजक्या ताकदीचे आणि टाकीत मोजके इंधन. सुरक्षितता यंत्रणेत नव्हती, आकारात होती.

१९६०च्या दशकात हाताच्या हालचालीला प्रमाणात साथ देणारे रेडिओ आले आणि हे सगळे पालटले. विमाने चपळ, जड आणि वेगवान झाली. सोडून दिले तर तोल सांभाळणे त्यांच्या स्वभावात उरले नाही. शिवाय एकाच मैदानावर दोघांनी एकाच वारंवारतेवर ट्रान्समीटर चालू केला की एक विमान हमखास जमिनीवर. म्हणून क्लबांच्या मैदानांवर खुंट्यांची फळी असे. आपल्या वारंवारतेची खुंटी हाती आल्याशिवाय ट्रान्समीटरच्या बटणाला हात लावायचा नाही, असा दंडक होता. सभ्यतेवर उभी असलेली ती एक सुरक्षायंत्रणाच होती.

१९८०च्या दशकात संदेश सांकेतिक आकड्यांत पाठवणारे रेडिओ आले आणि त्यांच्याबरोबर 'फेलसेफ' हा शब्द हौशी मैदानावर पोचला. संदेश बिघडलेला आहे हे रिसीव्हर आता ओळखू शकत होता. ओळखल्यावर करायचे काय? दोन पर्याय होते. एक, शेवटची चांगली आज्ञा धरून ठेवायची. दुसरा, आधी ठरवून दिलेल्या स्थितीत जायचे. पहिला पर्याय ऐकायला शहाणपणाचा वाटतो. पण विमान पूर्ण वेगात वळत असताना धागा तुटला तर ते पूर्ण वेगात वळतच राहणार. दुसऱ्या पर्यायात इंजिन मंद करायचे आणि ग्लायडर असेल तर हवेतले ब्रेक उघडायचे. म्हणजे बहुतेक वेळा विमान पडणार, पण जवळ पडणार आणि कमी वेगाने पडणार.

या वळणापाशी मला थोडे थांबावेसे वाटते. वातीच्या काळात यंत्रणा मालकाचे विमान वाचवत होती. फेलसेफ विमान वाचवत नाही. ते खाली उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला वाचवते. ज्याने तीन-चार महिने रात्री जागून विमान बांधले, त्यालाच सांगायचे की संकटकाळी तुझे विमान पाडण्याची आज्ञा तूच आधी लिहून ठेव. हे सहज पचणारे नव्हते. इंजिन बंद पडले तर विमान नक्कीच जाईल, चालू राहिले तर कदाचित संपर्क परत येईल, असा युक्तिवाद कितीतरी अनुभवी उडवणारे करत. तो चुकीचाही नव्हता, मात्र त्यात फक्त विमानाचा हिशेब होता. ब्रिटनमध्ये अखेर दंडक झाला की फेलसेफची सोय असलेल्या रिसीव्हरवर निदान इंजिन मंद होण्याची आज्ञा नोंदवलेली असलीच पाहिजे. सात किलोंहून जड विमानांना तर चालू स्थितीतले फेलसेफ अनिवार्य झाले.

जुन्या उडवणाऱ्यांची आणखी एक तक्रार होती आणि ती मला अधिक मार्मिक वाटते. जुन्या रेडिओवर परकी लहर आली की विमान थरथरे. ती थरथर म्हणजे सूचना : काही तरी बिघडते आहे, उतरव. नवा रिसीव्हर खराब संदेश गिळून टाकी आणि शेवटची चांगली आज्ञा धरून विमान स्थिर ठेवी. उडवणाऱ्याला वाटे सर्व क्षेम आहे, आणि मग एकदम सर्व संपे. दोष झाकला गेला की तो उघडा पडतो तो शेवटीच. माणसांच्या आजारांबाबतही आपण हे पाहतो. असो.

आता दुसरा धागा. धागा तुटल्यावर विमानाला घरी यायचे तर आधी त्याला वर-खाली कळले पाहिजे आणि मग घर कुठे आहे ते. पहिला प्रश्न सोडवण्याच्या प्रयत्नांत मेनार्ड हिल हे नाव फार मोठे आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या या गृहस्थाने १९७० मध्ये मॉडेल विमान सुमारे ८,२०० मीटर उंचीवर नेले होते. पुढे त्याने एक विलक्षण स्वयंचालक रचला. निरभ्र दिवशी जमिनीलगतच्या हवेत दर मीटर उंचीमागे साधारण शंभर व्होल्टचा विद्युतभेद असतो. दोन्ही पंखांच्या टोकांवर संवेदक बसवले आणि त्यांच्यातला फरक मोजला, की कोणता पंख वर आणि कोणता खाली ते कळते. विमान आकाशाची वीज चाचपत तोल सांभाळत होते! पुढे २०००च्या सुमारास अवरक्त किरणांचे संवेदक बाजारात आले. आकाश थंड, जमीन उबदार, एवढ्या एका भेदावर ते चालत. दाट धुक्यात मात्र हा भेदच पुसला जाई.

दुसरा प्रश्न, घर कुठे आहे हा, उपग्रहांनी सोडवला. अमेरिकन सरकार नागरी जीपीएस संकेतांत मुद्दाम चूक मिसळत असे. ती साधारण शंभर मीटरपर्यंत जाई. २ मे २००० रोजी ही भेसळ बंद झाली. त्यानंतर तीनच वर्षांनी, ऑगस्ट २००३ मध्ये, हिलने न्यूफाउंडलंडच्या केप स्पीअर येथून 'स्पिरिट ऑफ बट्स फार्म' हे विमान अटलांटिकवर सोडले. वजन पाच किलोंहून थोडे कमी, आणि त्यातले जवळपास निम्मे इंधन. हिल तेव्हा ७७ वर्षांचा होता, त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली आणि ऐकू फार कमी येत होते. आधीची विमाने समुद्राने घेतली होती. विमान हातातून सुटल्यावर सहकाऱ्याने ते उंचीवर नेले आणि मग ताबा स्वयंचालकाकडे दिला. ३८ तास ५२ मिनिटांनी, तीन हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापून ते आयर्लंडमध्ये क्लिफडेनजवळच्या मॅनिन किनाऱ्यावर उतरले. १९१९ मध्ये अल्कॉक आणि ब्राऊन जिथे उतरले ती दलदल तिथून जवळच आहे. तिथेही शेवटची काही मिनिटे, उतरण्याची, माणसाच्या हातात होती.

त्यानंतरचा इतिहास वेगाने धावतो. २००९ मध्ये 'आर्डूपायलट' आला आणि स्वयंचालक हौशी माणसाच्या खिशाला परवडू लागला. २०१३ मध्ये डीजेआयच्या 'फँटम'ने 'रिटर्न टू होम' हे शब्द दुकानाच्या काचेत नेऊन ठेवले. संपर्क तुटला की वीस मीटर उंची गाठायची, उड्डाणाच्या जागी परतायचे, क्षणभर थांबून उतरायचे. पंखांच्या विमानाला हवेत उभे राहता येत नाही. ते घरावर येऊन घिरट्या घालत राहते आणि कुणीतरी ताबा घेण्याची वाट पाहते.

पण हे 'घर' म्हणजे नेमके काय? तिन्हीसांजेला गुरे परततात ती गोठ्याच्या ओढीने. यंत्राचे घर म्हणजे पुरेसे उपग्रह दिसल्यावर नोंदवलेले दोन आकडे, अक्षांश आणि रेखांश. होडीतून उडवले आणि होडी पुढे गेली, तर यंत्र इमानाने त्या रिकाम्या पाण्यावर परत येते. वारा समोरून असेल तर जाताना पुरलेली बॅटरी येताना पुरत नाही. शिवाय ही सोय आहे म्हटल्यावर माणूस दृष्टीच्या पलीकडे जातो, जिथे तो एरवी गेलाच नसता. भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१८ मध्ये काढलेल्या नियमावलीत, अगदी छोट्या यंत्रांना सूट देऊन, इतरांसाठी दोनपैकी एक सोय मागितली होती : स्वतःहून उड्डाण संपवणे किंवा घरी परतणे. वातीचे उत्तर आणि उपग्रहाचे उत्तर एकाच ओळीत, 'किंवा'ने जोडलेले. २०२१च्या ड्रोन नियमांनी ती जुनी चौकट पुढे बदलली.

संमेलनानंतर त्या मुलाला मी पुन्हा भेटलो. त्याने आता एक छोटे विद्युत विमान बांधले आहे. मैदानावर पंखा मोकळा राहील अशा बेताने त्याने ते मला घट्ट धरायला सांगितले, इंजिन अर्धे चालू केले आणि ट्रान्समीटर बंद केला. माझ्या हातात पंखा एक-दोन क्षण तसाच घोंगावत राहिला. मग थांबला. "परत एकदा बघू," तो म्हणाला आणि त्याने ट्रान्समीटर पुन्हा चालू केला.