फुगवटा नसलेलं भिंग

भिंग म्हटलं की मध्ये फुगीर, कडेला पातळ. द्रवस्फटिकाच्या होलोग्राफिक भिंगाला फुगवटा नाहीच. काचेवर एक-दोन मायक्रॉनचा सगळीकडे सारख्याच जाडीचा थर, बस्स. त्यातले काडीसारखे रेणू कुठे कोणत्या दिशेला पडलेत, त्यावर प्रकाशाचं वळणं ठरतं.

काच कागदाने घासली की हे रेणू घासणीच्या दिशेने लागतात, हे फ्रान्सच्या शार्ल मोगँ यांना १९११ मध्येच दिसलं होतं. पुढे टीव्हीचे पडदे याच घासणीवर निघाले. कागद गेला, मखमली कापड गुंडाळलेला रूळ आला. पण रूळ सबंध काचेला एकच दिशा देतो. भिंगात ती दर काही मायक्रॉनला बदलावी लागते.

तेव्हा हे काम प्रकाशाकडे आलं. १९८८ मध्ये जपानच्या इचिमुरांनी अझो-रंगाच्या थराकरवी, निव्वळ प्रकाश टाकून, द्रवस्फटिकाचे रेणू उभे-आडवे करून दाखवले. १९९१ मध्ये अमेरिकेत ध्रुवित, म्हणजे एकाच ठरलेल्या दिशेत डोलणाऱ्या, लेझरने त्यांची दिशाही ठरवता आली. आता लेझरचे दोन झोत, एक उजवा वर्तुळध्रुवित, एक डावा, रंगाच्या थरावर एकत्र पाडतात. उजेड-अंधाराचे पट्टे उमटत नाहीत. उजेड सगळीकडे सारखाच, ध्रुवणाची दिशा मात्र जागोजागी फिरत जाते. रंगाचे रेणू तिला काटकोनात वळतात, वर ओतलेला द्रवस्फटिक त्यांच्यामागे जातो, आणि अतिनील प्रकाशाने तो गोठवला की झालं. (एक झोत आधी साध्या काचेच्या भिंगातून आणावा लागतो. फुगवटा काही पुरता सुटलेला नाही!)

प्रकाश वळवायचा तर त्याची लहर जागोजागी कमी-अधिक सरकवावी लागते. पण नुसत्या रेणूंच्या दिशेने लहर मागे-पुढे कशी सरकते? याचं गणित एस. पंचरत्नम यांनी १९५६ मध्ये बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत मांडलं, वयाच्या बाविसाव्या वर्षी. ध्रुवण बदलत बदलत मूळ जागी आणलं, तरी लहर थोडी सरकलेली उरते. भिंगात रेणू जेवढा फिरवावा, त्याच्या दुप्पट ती सरकते. हे काम तीसेक वर्षं जवळजवळ अडगळीत पडलं होतं. १९८४ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मायकेल बेरींनी पुंजभौतिकीत तशीच सरकण शोधली, तेव्हा कुठे बंगळूरकरांनी पंचरत्नमांची आठवण करून दिली. पंचरत्नम १९६९ मध्येच ऑक्सफर्डला वारले होते, जेमतेम पस्तिशीत.

त्यांचे सख्खे भाऊ एस. चंद्रशेखर. त्यांनी १९७१ पासून त्याच संस्थेत द्रवस्फटिकांची प्रयोगशाळा उभी केली. गणित एका भावाचं, पदार्थ दुसऱ्याचा; तरी भिंगात दोन्हींची गाठ पडली ती परदेशात.