जुन्या जीएमसीतली चित्रे

पणजीत मांडवीकाठची ही इमारत आम्हाला आजही ‘जुनी जीएमसी’च. १८४२ साली सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारे हे इस्पितळ पुढे बांबोळीला गेले आणि वास्तू ओस पडली. २००४ साली इफ्फी गोव्यात आला, तेव्हा तिची डागडुजी झाली. पण डागडुजी झाली म्हणून वास्तू वाचतेच असे नाही. तिथे मॉल करायचे घाटत होते. लोक विरोधात उभे राहिले.

एप्रिल २००७मध्ये तिथेच ‘अपरान्त’ प्रदर्शन भरले. कवी रणजित होस्कोटे यांनी गोव्याच्या २२ कलावंतांची कामे एकत्र आणली होती. माझे वडील याच इस्पितळात वारले. आई आधी पायरीच चढेना. मग आत आली, चित्रांपुढे बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “इथं लोक हसताना पहिल्यांदाच बघते.”

२०१६पासून सेरेंडिपिटी महोत्सवानेही इथली दालने गजबजली. पण महोत्सव चार दिवसांचा. शेजारपाजारची मुले एरवीही रंगपेटी घेऊन इथे येऊन बसतील, तेव्हाच वास्तू खरी वाचली म्हणायची. नाहीतर उद्या पुन्हा कुणाला मॉल सुचेल.