गाळलेलं पाणी आणि न जन्मलेल्या लेकी



नवरात्रात आमच्या केडगावात रेणुकामातेच्या देवळाकडे पहाटेपासून रीघ लागते. मागे एकदा शेजारच्या वहिनी अष्टमीला कुमारिका शोधत माझ्या दारी आल्या. नऊ मुली हव्या होत्या, गल्लीत चारच निघाल्या. बाकीच्या पलीकडच्या कॉलनीतून आणल्या. वहिनी हसल्या. मला हसू आलं नाही, कारण जनगणनेचे आकडे मी नुकतेच वाचले होते.

२००१ साली सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागे देशात ९२७ मुली होत्या. आपल्या जैन समाजात ८७०. शिखांच्या खालोखाल सर्वांत कमी! आणि त्याच जनगणनेत शिक्षणात आपण सर्वांत पुढे, साक्षरता ९४ टक्के. म्हणजे अडाणीपणाचं कारण आपल्याला सांगता येत नाही. आपल्या नगर जिल्ह्यात हा आकडा ८८४ होता, तो २०११ मध्ये ८५२ वर आला. समाजाचा त्या वेळी थोडा सुधारून ८८९ झाला, तरी देशाच्या मागेच.

आपण पाणी गाळून पितो. धान्यातली अळीसुद्धा जयणेने बाजूला ठेवतो. मग हे कसं झालं?

गर्भजल परीक्षा आली ती बाळातले आजार ओळखण्यासाठी. १९८० च्या आसपास तिचा धंदा झाला. तपासणीचा खर्च आणि पुढे द्यावा लागणारा हुंडा यांचा हिशेब मांडणाऱ्या जाहिराती उघडपणे लागत. याविरुद्ध मुंबईतल्या बायका, काही डॉक्टर आणि कार्यकर्ते उभे राहिले, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला. देशातला पहिला! पण तो राज्यापुरता होता. केंद्राचा कायदा १९९४ चा, लागू झाला १ जानेवारी १९९६ ला. तोवर सोनोग्राफी गावोगावी पोचली होती. कायदा कागदावरच राहतोय म्हणून २००० साली सेहत आणि मासूम या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यानंतर २००३ मध्ये कायदा कडक झाला. आज सोनोग्राफीआधी आपण ज्या कागदावर सही करतो, तो याच कायद्याचा.

माझ्या नात्यातल्या एका काकूंना नव्वदच्या दशकात दोन मुलींनंतर 'तपासणी'ला नेलं होतं. गाव, दवाखाना सांगत नाही. परत यायला अंधार पडला. काकूंचा चौविहार होता, म्हणून त्या रात्री त्यांना कुणी पाण्याचा घोटही दिला नाही. पचक्खाण पाळलं गेलं, याचं घरात कौतुक झालं. हे काकूंनीच मला सांगितलं, पापड लाटता लाटता, वीस वर्षांनी. दर संवत्सरीला त्या सगळ्यांना फोन करून मिच्छामि दुक्कडम म्हणतात. "तिला कुठून फोन लावू गं?" म्हणाल्या आणि पुढचा पापड घेतला.

मी काकूंना दोष देत नाही. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. सासूबाईंनी ठरवलं, सासऱ्यांनी पैसे दिले. पण सासूबाईही बाईच ना? ही बाब मला अजून सुटत नाही.

आपल्या श्वेतांबर परंपरेत एकोणिसावे तीर्थंकर मल्लीनाथ स्त्री आहेत. भगवान महावीरांना एकच अपत्य, तीही मुलगी, प्रियदर्शना. त्यांच्या संघात साधू चौदा हजार, तर चंदनबालाजींच्या मागे साध्वी छत्तीस हजार. हे आपण पर्युषणात दरवर्षी ऐकतो.

आता परिचय मेळाव्यात मुलांच्या बायोडेटांचा गठ्ठा जाड आणि मुलींचा पातळ. पस्तिशीची मुलं बसून आहेत. कुणी दलालाकडून लांबच्या राज्यातली मुलगी आणतं, तिची भाषा घरात कुणाला येत नाही. तिच्या मनाचं काय, हा प्रश्न वेगळाच, त्यावर कधीतरी सविस्तर लिहीन.

या चातुर्मासात आमच्या महिला मंडळात हे आकडे वाचायचं मी ठरवलंय. एका ताईंनी आधीच निरोप पाठवलाय, असले विषय स्थानकात नकोत म्हणून. मी वही घेऊन जाणार आहे.