भंडारदऱ्याची गळती, पडघ्याची तार

भंडारदऱ्याचं धरण उभं राहायला सोळा वर्षं लागली. १९१० साली काम सुरू झालं आणि १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी उद्‌घाटन केलं. प्रवरेला अडवणारी ही सुमारे ८२ मीटर उंचीची दगडी भिंत बांधणाऱ्यांना धास्ती होती ती पुराची, पाण्याच्या दाबाची आणि पायाची.

ती अगदीच अनाठायी नव्हती. १९६९ मध्ये भिंतीला तडे गेले, गळती वाढली. पण पाणी कुठून पाझरतंय ते उघड्या डोळ्यांना दिसत होतं. पुढे भिंतीला मागून टेकू देऊन तिची मजबुती करण्यात आली.

भंडारदऱ्याच्याच अकोले तालुक्यात घाटघरला २००८ मध्ये वेगळ्याच जातीचा प्रकल्प सुरू झाला. रात्री जादा असलेली वीज वापरून कोकणाच्या बाजूच्या तलावातलं पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून १२५ मेगावॅटचे दोन संच फिरवायचे. पाणी कधी चढवायचं, कधी सोडायचं, हे पावसावर कमी आणि ग्रिडच्या गरजेवर जास्त ठरतं. राज्याच्या ग्रिडचा तोल सांभाळणारं भार प्रेषण केंद्र घाटाखाली, ऐरोलीला आहे. विजेचा कारभार असा तारांवरून आणि संगणकांवरून चालू लागला, की चोराला धरणाची पायरीही चढावी लागत नाही.

न्यूयॉर्कजवळच्या राय ब्रुक गावात २०१३ मध्ये तेच घडलं. एका चिमुकल्या धरणाच्या नियंत्रण यंत्रणेत इराणी हॅकर शिरला. दरवाजा त्याला हलवता आला नाही, कारण दुरुस्तीसाठी तो यंत्रणेपासून आधीच तोडलेला होता! नॉर्वेच्या ब्रेमांगरला असं नशीब लाभलं नाही. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या धरणाची झडप दुरूनच उघडली गेली आणि चार तास सेकंदाला सुमारे ५०० लिटर पाणी वाहत राहिलं. नॉर्वेच्या सुरक्षा यंत्रणेनं बोट दाखवलं ते रशियाकडे.

महाराष्ट्राचं प्रकरण इतकं सरळ नाही. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा वाहिन्यांवर बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. पुढच्या फेब्रुवारीअखेर ‘रेकॉर्डेड फ्यूचर’ या अमेरिकी कंपनीनं भारतीय वीजक्षेत्रात घुसलेल्या चिनी हॅकर गटाचा अहवाल प्रसिद्ध केला. मुंबईच्या अंधाराशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही, असंही त्यातच नमूद होतं. तरी दुसऱ्याच दिवशी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी राज्याच्या सायबर विभागाचा अहवाल मांडला: वीज मंडळाच्या यंत्रणेत १४ ‘ट्रोजन हॉर्स’ सोडले गेले असावेत आणि परदेशी सर्व्हरवरून ८ जीबी डेटा आला असावा.

तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मात्र दोष मानवी चुकीला दिला. राज्यात त्या वेळी एका आघाडीचं सरकार होतं, दिल्लीत दुसऱ्या आघाडीचं. तेव्हा कोणत्या उत्तराला कुठे टाळ्या मिळणार, हे ठरलेलंच होतं. पण वाद एवढ्यावरच सोडला तर एक गोष्ट नजरेआड होते. ग्रिडच्या काही नियंत्रण केंद्रांत ‘शॅडोपॅड’ हा घातक प्रोग्रॅम असल्याचा इशारा नोव्हेंबर २०२० मध्येच मिळाला होता, हे खुद्द केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानं मान्य केलं. कामकाजाला धक्का लागला नाही आणि डेटाही गेला नाही, असं मंत्रालयाचं म्हणणं. म्हणजे १२ ऑक्टोबरच्या बिघाडाशी संबंध असो वा नसो, घुसखोर दाराशी आलेला होता, एवढं दोन्ही बाजूंच्या कागदांवर आहे.