मातीने आवरलेला फेस

प्लास्टिकच्या व्यवहारात माती प्रथम शिरली ती आश्रित नातेवाइकासारखी. महाग रसायनात स्वस्त भर घालून दर उतरवावा, याहून अधिक तिची किंमत कारखानदारांच्या दप्तरी नव्हती. ही स्थिती पालटली ती जपानात, नागोयानजीक नागाकुते येथील टोयोटाच्या संशोधनशाळेत. तेथे 1985च्या सुमारास ओकादा, उसुकी, कावासुमी प्रभृतींनी माँटमोरिलोनाइट मृत्तिकेचे जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचे पापुद्रे विलग करून त्यांच्या दरम्यान नायलॉनच्या साखळ्या वाढविल्या, आणि पूर्वी 65 अंश सेल्सियसलाच भाराखाली वाकणारे नायलॉन, पाच टक्क्यांहून कमी माती मिसळताच, दीडशे अंशांपर्यंत तग धरू लागले. (कुंभारकामासाठी प्रसिद्ध असलेले सेतो तेथून शेजारीच; माती मात्र आली यामागाता प्रांतातून!)

जैवविघटनशील बहुवारिकांचे (पॉलिमरांचे) दुखणे निराळे होते. त्यांपैकी लॅक्टिक आम्लाचे पॉलिलॅक्टाइड ड्यू पाँट कंपनीच्या कॅरदर्सने 1932 साली सिद्ध केले होते. परंतु मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाचा योग आला तो 2002 मध्ये, अमेरिकेतील नेब्रास्काच्या ब्लेअर गावी मक्यापासून ते बनविणारा कारखाना उभा राहिला तेव्हा. थर्मोकोलची जागा त्याने घ्यावी ही अपेक्षा स्वाभाविकच होती. पण फेस करावयाचा तर वितळलेल्या रसात दम हवा, आणि याच्या सरळ, बिनफाट्यांच्या साखळ्या ताण पडताच एकमेकींवरून निसटत, बुडबुड्यांच्या भिंती विरून फाटत, व हाती येई तो मोठ्या, ओबडधोबड छिद्रांचा गोळा.

नागोयातीलच टोयोटा तंत्रविद्या संस्थेत मासामी ओकामोतो व भारतीय संशोधक सुप्रकाश सिन्हा राय यांनी 2002-03च्या सुमारास पॉलिलॅक्टाइडच्या रसात मातीचे पापुद्रे पसरून त्याची वर्तणूक तपासली. मंद गतीला तो जवळजवळ घनासारखा अडून राही, तर जोराने ढकलला असता पापुद्रे प्रवाहाच्या दिशेला वळून सैल होई. म्हणजे साच्यात शिरताना अडचण नाही आणि फुगताना बंदोबस्त पक्का. दाबाखाली विरघळविलेला कार्बन डायऑक्साइड मोकळा करताच पापुद्र्यांशी बुडबुडे जन्मत, आणि काही फेसांतील छिद्रे तर एका मायक्रोमीटरहूनही लहान निघाली. बुडबुड्यांच्या या बीजारोपणाचेच कौतुक अधिक होते. माझ्या मते खरे श्रेय रसाच्या आवरशक्तीचे, कारण जन्मलेले बुडबुडे टिकले नाहीत तर त्यांची संख्या मोजून काय लाभ?

कारखान्यांत मात्र साखळ्यांना फाटे फोडणाऱ्या रसायनांनाच अधिक पसंती मिळाली. पापुद्रे सुटे करण्याची जी किमया प्रयोगशाळेच्या चमचाभर रसात साधते, ती टनावारी मालात तितक्या हुकमी रीतीने साधत नाही, आणि मातीला बहुवारिकाशी जुळविणारे अमोनियमचे सेंद्रिय अस्तर 200 अंशांच्या आसपास स्वतःच विघटू लागते.