सामान्य हृदय-विद्युत आलेख : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

छातीत दुखू लागलेल्या रुग्णाची जी पहिली तपासणी केली जाते ती म्हणजे हृदय-विद्युत आलेख, अर्थात ईसीजी होय. पैनगंगेच्या खोऱ्यातील उमरखेडसारख्या तालुक्यातून मोठ्या उपचारासाठी बहुधा नांदेड किंवा यवतमाळ गाठावे लागते. रुग्णाला पुढे पाठवावे की नाही, हा निर्णय पुष्कळदा याच कागदावर अवलंबून असतो. मात्र बिघाड ओळखण्यासाठी 'सामान्य' काय हे आधी ठरलेले असावे लागते. ही सामान्यता इतिहासात कशी निश्चित होत गेली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मापनाची वाटचाल

लंडन येथील ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ मध्ये मानवी हृदयाच्या विद्युत क्रियेची नोंद शरीराच्या पृष्ठभागावरून घेतली. त्यांचे पाऱ्याचे विद्युतमापक मंद होते. या तंत्राचा रुग्णालयात व्यापक उपयोग होईल, असे स्वतः वॉलर यांनाही वाटत नव्हते. लायडन येथील विलेम आइन्थोवेन यांनी १८९५ मध्ये मंद यंत्राच्या नोंदीत गणिताने दुरुस्ती केली व मिळालेल्या पाच तरंगांना पी, क्यू, आर, एस आणि टी ही नावे दिली. पुढे त्यांनी चांदीचा मुलामा दिलेल्या क्वार्ट्झ तंतूचा गॅल्व्हानोमीटर सिद्ध केला. हे यंत्र सुमारे २७० किलो वजनाचे होते व ते चालविण्यास पाच माणसे लागत. रुग्णाला हात व पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावे लागे. १९०५ मध्ये आइन्थोवेन यांनी दीड किलोमीटरवरील रुग्णालयातून टेलिफोनच्या तारेने आलेख प्रयोगशाळेत आणला. १९२४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

१९३८ मध्ये अमेरिकन व ब्रिटिश हृदयरोग संस्थांनी छातीवरील सहा जागा निश्चित केल्या. १९४२ मध्ये गोल्डबर्गर यांनी हातापायांच्या नोंदीत भर घातली आणि आजची बारा लीडची पद्धत पूर्ण झाली.

सामान्य आलेखाची लक्षणे

प्रचलित पद्धतीत कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. त्यामुळे एक लहान चौकोन ०.०४ सेकंदाचा ठरतो. प्रौढ व्यक्तीत विश्रांतीच्या वेळी हृदयगती मिनिटाला ६० ते १०० असते. पी तरंग अलिंदांचे, क्यूआरएस निलयांचे उद्दीपन दर्शवितो, तर टी तरंग निलये पूर्वस्थितीत येत असल्याचे सांगतो. प्रत्येक क्यूआरएसपूर्वी पी असतो. पीआर अंतर ०.१२ ते ०.२० सेकंद, तर क्यूआरएसचा काळ ०.१२ सेकंदाहून कमी असतो. एसटी भाग बहुतांशी मूळ रेषेवर असतो.

तथापि ही सामान्यता सर्वांना सारखी लागू होत नाही. लहान मुलांच्या छातीवरील उजवीकडच्या लीडमध्ये उलटा टी तरंग स्वाभाविक असतो. नियमित व्यायाम करणाऱ्याची गती ६० पेक्षा कमी असू शकते.

ग्रामीण महाराष्ट्राचा संदर्भ

सामान्यापासूनचा फरक ओळखण्याचे महत्त्व ग्रामीण महाराष्ट्रात विशेष जाणवते. लाल विंचवाच्या दंशाने हृदयाच्या स्नायूंवर परिणाम होतो व आलेखात एसटी आणि टी यांचे बदल दिसू शकतात. रायगड जिल्ह्यात सेवा करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांच्या हृदयविषयक लक्षणांची निरीक्षणे १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. पुढे या दंशावरील उपचारात त्यांनी प्राझोसिन हे औषध वापरले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हातात मावणारे टेली-ईसीजी यंत्र विकसित केले. आइन्थोवेन यांच्या तारेवरील प्रयोगाचेच हे पुढचे पाऊल म्हणता येईल.

समारोप

सामान्य आलेख हा निसर्गाने आखून दिलेला नमुना नसून, मापनाविषयी झालेल्या सहमतीचे ते फलित आहे, असे या वाटचालीवरून दिसते. त्याला मर्यादाही आहेत. हृदयविकाराच्या झटक्याच्या प्रारंभी आलेख सामान्य येऊ शकतो. म्हणून वेदना चालू असल्यास तो पुन्हा काढणे आवश्यक ठरते. रुग्णाजवळ जुना आलेख जपलेला असेल, तर नवा बदल लवकर उमगतो. शहरापासून दूर असलेल्या रुग्णाच्या दृष्टीने हा जुना कागद औषधाइतकाच मोलाचा आहे.