कहाणीतली म्हातारी, पडद्यावरची म्हातारी

लहान मुलाला म्हातारी काढायला सांगा. कंबरेत वाकलेली, काठी टेकत चालणारी, तोंडाचं बोळकं झालेली बाई पाटीवर येते. घरातली आजी रोज रानात जात असेल, गटाच्या बैठकीत हिशोब मांडत असेल, तरी चित्रात ती येत नाही. मग मुलं ही दुसरी म्हातारी आणतात कुठून?

अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी १९७०नंतरच्या दशकात ३ ते ११ वर्षांच्या मुलांना एकाच माणसाची चार वयांतली चित्रं दाखवून प्रश्न विचारले. घराबाहेरची म्हातारी माणसं फार थोड्या मुलांच्या ओळखीची निघाली. म्हातारी माणसं प्रेमळ असतात, असं मुलं म्हणत. आजारी, थकलेली, कुरूप असतात, असंही म्हणत. आपण म्हातारं होणं मात्र त्यांना नको होतं.

आपल्याकडच्या जुन्या गोष्टी ऐकल्या तर चित्र वेगळं दिसतं. श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी घ्या. महादेवाचा गाभारा भरायला राजा गावातलं सगळं दूध मागवतो. लेकरं, वासरं उपाशी राहतात, गाभारा काही भरत नाही. एक म्हातारी आधी लेकरांना, वासरांना पाजते, उरलेलं खुलभर दूध घेऊन देवळात जाते, आणि गाभारा भरतो. राजाला जे कळलं नाही ते तिला कळलं होतं. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारीही अंगानं थकलेली खरी, पण वाघाला बनवते तीच. कहाण्यांत छळणाऱ्या सासवाही आहेत, नाही कशाला म्हणा! पण म्हातारपणाचा तो एकच चेहरा नव्हता.

पडद्यानं तो एक चेहरा ठसवला. ललिता पवार यांचा जन्म १९१६चा. त्या नायिका म्हणून काम करत होत्या. १९४२ साली चित्रीकरणात बसलेल्या थपडेनं त्यांच्या डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. वय अवघं सव्वीस. नायिकेची कामं संपली, आणि त्या खाष्ट सासू होऊन परत आल्या. म्हणजे ज्या सासूला पाहून पोरं घाबरायची, ती म्हातारी नव्हतीच. कामावर जखमी झालेल्या बाईचा अधू डोळा कपटाची खूण ठरला, हे आम्हाला फार लागतं. १९८७मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं, त्यात सत्तरीच्या ललिताबाई कुबड्या मंथरेच्या रूपात घराघरांत पोचल्या. ‘अनाडी’मधल्या मायाळू घरमालकिणीसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला होता, पण लोकांच्या लक्षात राहिली ती सासूच.

पोरवयात बसलेला हा शिक्का पुढं आपल्याच अंगावर उमटतो. येल विद्यापीठाच्या बेका लेवी यांनी ओहायोतल्या एका गावातल्या पन्नाशीपुढच्या ६६० माणसांची माहिती तपासली आणि २००२ साली निष्कर्ष मांडला : स्वतःच्या म्हातारपणाकडे चांगल्या नजरेनं पाहणारे इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले. आजारपण, पैसाअडका हेही त्यांनी हिशोबात धरलं होतं.

तुमच्या वाडीत खुलभर दुधाची कहाणी अजून कोण सांगतं? आम्हाला कळवा. श्रावणात आम्ही ध्वनिमुद्रणाला येऊ. ऐकायला नातवंडांना मात्र शेजारी बसवा.